आधी मेंढपाळांचे हात बघा!

काय चित्र आहे हे! फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात पहिल्यांदाच त्याच्यासमोर उभी राहिले आणि पुढची दालनं बघायची राहूनच गेली.

येशूजन्माचं हे तीन फलकांचं तैलचित्र गेंटच्या ह्यूगो व्हान डर गूसनं 1475च्या सुमारास रंगवलं. बाजूचे दोन्ही फलक उघडले की रुंदी जवळजवळ सहा मीटर! मधोमध बाळ येशू. गव्हाणीत नव्हे, थेट उघड्या जमिनीवर, अंगावर चिंधीसुद्धा नाही. भोवती मेरी, योसेफ, देवदूत, सगळे हात जोडून स्तब्ध. आणि या शांततेत उजवीकडून तीन मेंढपाळ घुसतात! एकाचे हात जोडलेले, दुसऱ्याचे वाटेतच थबकलेले, तिसऱ्याचा तर आ वासलेला. ते हात बघाच. राठ, रापलेले, जन्मभर राबलेले. देव पाहिल्याचा इतका खरा आनंद मी कुठल्याच चित्रात पाहिला नव्हता.

पुढ्यात जमिनीवर गव्हाची पेंढी आहे आणि तिच्यासमोर काचेच्या पेल्यात फुलं. पेला इतका नितळ, की आतले देठसुद्धा मोजावेत! ही फुलं मेरीच्या पुढच्या दुःखांची खूण. म्हणजे जन्माच्या क्षणीच वियोगाची चाहूल. अंगावर काटा आला.

पण मी खरी हरखले ती आकारांवर. चित्राचे पैसे मोजले तोमासो पोर्तिनारीनं, मेदिची पेढीच्या ब्रूज शाखेच्या प्रमुखानं. तो आणि त्याचं कुटुंब बाजूच्या फलकांवर, आपापल्या संतांपुढे गुडघे टेकून, अगदी लहान! देवदूतही छोटेच. आणि फाटके मेंढपाळ? मेरी-योसेफाच्या तोडीस तोड. पैसेवाल्याच्या चित्रात मोठा मान गरिबाला! पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराचं हे धाडस मला थोर वाटतं.

1483मध्ये हे चित्र फ्लॉरेन्सला पोचलं, सांता मारिया नुओवा रुग्णालयाच्या चर्चमध्ये लागलं आणि तिथले चित्रकार थक्क झाले. त्यांच्यातल्याच गिर्लांदायोनं दोनच वर्षांत सांता त्रिनिता चर्चमधल्या आपल्या येशूजन्माच्या चित्रात याच मेंढपाळांच्या धाटणीचे मेंढपाळ रंगवले. ते चित्र आजही तिथेच आहे, उफित्सीपासून चालत जाण्याजोगं. फ्लॉरेन्सला गेलात तर दोन्ही एकाच दिवशी बघा. आधी ह्यूगोचं, मग गिर्लांदायोचं. एका चित्रकाराची ठिणगी दुसऱ्यात कशी पडते, ते डोळ्यांनी दिसेल!