काही न घडावे म्हणून

भाऊबीजेला बुटीबोरीला ताईकडे गेलो होतो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत माझा भाचा अभियंता आहे. ओवाळून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, मी आता सुरक्षा अभियंता होणार. मुंबईला, शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत वर्षभराची पदविका करायची."

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे यंत्रे चालवायची सोडून थांबवत फिरणार! हा तिथे बनवतो तरी काय, म्हणून लोक विचारतील."

खरे सांगायचे, तर प्रश्न मलाही पटला. पण लगेच एक जुना विद्यार्थी आठवला. त्याचे अक्षर मोत्यासारखे. पुढे एका कारखान्यात कामाच्या घाईत कुणी यंत्रावरचे झाकण काढून ठेवले, नि याची दोन बोटे गेली. रस्त्यात भेटला तेव्हा त्याने उजवा हात खिशातून काढलाच नाही. त्याच हाताला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते!

त्या झाकणाची राखण करणारा माणूस कायद्यालाही उशिराच सुचला. 1948च्या कारखाने कायद्यात हजार वा अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा अधिकारी नेमण्याचे कलम आले ते 1976 साली. धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण 1987चे. तोवर भोपाळ घडून गेले होते.

मी म्हणालो, "ताई, आम्ही फटाके उडवायचो तेव्हा तू पाण्याची बादली भरून ठेवायचीस. कुणाला आठवते ती?"

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने आतून डबा उघडल्याचा आवाज आला. भाच्याच्या प्रवासासाठी ती चिवडा बांधत होती.