दोन पावसाळे

शहरात राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात एक घर असते. त्याला उतरते कौलारू छप्पर असते, पुढे ओटी, मागे परस, परसात विहीर आणि विहिरीला गोड पाणी. या घराला गळती नसते, वाळवी नसते आणि कर्जाचा हप्ता तर मुळीच नसतो. दर रविवारी दुपारी भरल्या पोटी मनुष्य या घरात तासभर पडून येतो आणि सोमवारी सकाळी पुन्हा गर्दीत जाऊन उभा राहतो. मीही अशी पुष्कळ वर्षे काढली. पुढे दापोली तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवण्याची नेमणूक मिळाली आणि रविवारच्या झोपेतले घर सोमवारचे झाले.

आमच्या घरी त्या वेळी रीतसर ठराव झाला. दोन पावसाळे पाहायचे. जमले तर राहायचे, नाही तर परत. पुण्याची दोन खोल्यांची जागा विकायची नाही, अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने द्यायची आणि त्या भाड्यातून इकडच्या कर्जाचा हप्ता भरायचा. ठराव सौभाग्यवतीने मांडला, मी अनुमोदन दिले आणि अकरा वर्षांच्या कन्येने विरोधी मत नोंदवले. बहुमताने ठराव मंजूर झाला. ही गोष्ट गेल्या वर्षीच्या एप्रिलातली.

खेड्यात ‘थोडी शेती घेऊ’ असे पुण्यात बसून म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. सात पिढ्या पोथ्या आणि पाटी यांवर जगलेल्या आमच्या घराण्याजवळ सातबाराचा एक तुकडाही नव्हता. गावठाणातले घर मात्र घेता येते. ते आम्ही घेतले. घरामागे पाच-सहा गुंठ्यांचे परस होते, तेवढीच आमची शेती.

घर जांभ्या चिऱ्यांचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्याची निम्मी कौले उडाली होती. मालक मुंबईला, दुरुस्तीला येणार कोण? घर तसेच तीन-चार पावसाळे भिजत उभे होते. त्या वादळानंतर गावातल्या पुष्कळ घरांनी कौले काढून पत्रे घातले. आम्हालाही सगळ्यांनी तेच सांगितले. पत्रा स्वस्त, हलका आणि लवकर चढतो. शेजारच्या आजोबांनी मात्र ओटीवर बसून सुपारी कातरता कातरता वेगळे मत दिले.

“मास्तर, पत्रा घालाल तर घाला. पण आषाढात तो बोलायला लागला की घरात दुसऱ्या कुणाला बोलता यायचं नाही. तुमचा तर धंदाच बोलण्याचा!”

आम्ही कौलेच बसवली. जुन्या कौलांपैकी जी धड निघाली त्यांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्यांचे ठसे होते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे गलबतांतून ही कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधीची कुंभारी नळ्यांची छपरे दर उन्हाळ्यात शाकारावी लागत. मंगलोरी कौल मात्र खाचेत खाच धरून बसते. फुटलेली तेवढी बदलली की झाले. एकेक कौल हातात घेऊन, बोटाने वाजवून, आवाजावरून तडा ओळखणारा गवंडी मला भेटला, तेव्हा अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासूनही आपल्याला हा कान आला नाही याची थोडी असूया वाटली.

भिंतींचे प्रकरण निराळे. जांभा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो आणि हवा लागली की सोडतो. त्याच्यावर सिमेंटचा जाड गिलावा थापला की आतली ओल आतच कोंडते आणि दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याला फोड येतात. आधीच्या मालकांनी माजघराला तसा गिलावा केला होता. तो खरवडून चुन्याने दर्जा भरल्या. या कामाला दोन महिने गेले आणि त्या दोन महिन्यांत आमच्या आमटीत, अंथरुणात आणि माझ्या टिपणवह्यांत चुना होता. न्हाणीघराचे पाणी पाटाने काढून केळी आणि अळवाला दिले. घरातली सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत अधिक फळलेली सुधारणा तीच.

अळवाबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. पुण्याच्या मंडईत अळूच्या जुडीचा भाव करणारी आमची मंडळी येथे आल्या-गेल्याला पाने वाटतात. सगळे अळू खाजत नाही, पण जे खाजते ते पुरेपूर खाजते. त्याच्या पानादेठांत अतिसूक्ष्म अणकुचीदार स्फटिक असतात, ते जिभेला टोचतात. म्हणून चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवायचे. हे शास्त्र मला पुस्तकाने शिकवले. शेजारच्या काकूंनी हाताला खोबरेल लावून पाने चिरायला शिकवले. विद्यादानात कोण श्रेष्ठ हे सांगायला नको.

वेलभाज्यांनी मात्र पहिल्या वर्षी जीव टांगणीला लावला. मांडवावर पडवळ, दोडका, काकडी चढली, फुले आली आणि गळून गेली. आठवडाभर नुसती फुले. काकू हसून म्हणाल्या, “अहो, ही सगळी बाप्ये आहेत! बायका मागनं येतात.” खरोखरच या वेलींवर आधी नरफुले येतात. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ जन्मतःच चिकटलेले असते, ते एकदा ओळखता आले की चिंता संपते. पडवळाचे फूल रात्री उमलते. त्याच्याकडे येणारे पाहुणे रातकिडे नव्हेत, पतंग. कंदील घेऊन आम्ही दोघे मांडवाखाली पतंगांची वाट पाहत उभे होतो. लग्नाला सोळा वर्षे झाल्यावर नवराबायकोला अंधारात एकत्र उभे राहण्यास एवढे सबळ कारण क्वचितच मिळते.

कोंबड्या कन्येसाठी आल्या. तिची पुण्याची शाळा, मैत्रिणी, चित्रकलेचा वर्ग, सगळे सुटले होते. ती तक्रार करीत नसे. फक्त बोलणे कमी झाले होते, आणि ते अधिक जड जाई. आठ तलंगा आणल्या. पाच सुधारित आणि तीन गावठी. सुधारित जात अंडी पुष्कळ घालते. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंड्यांवर थांबते. पण तिला खुडूक होऊन बसता येते. अधिक अंड्यांसाठी निवड करताकरता सुधारित जातींतली ही बसण्याची ओढ माणसाने कमी करत आणली आहे. पिल्ले हवीत तर गावठीच्या पोटाखाली एकवीस दिवस अंडी ठेवावी लागतात. मानमोडीची लस टोचून घेतली. या रोगाचे शास्त्रीय पुस्तकातले नाव कुमाऊंतल्या राणीखेतवरून पडले आहे; थंड हवेच्या एवढ्या सुंदर गावाच्या वाट्याला ही कीर्ती यावी हे दुर्दैव.

श्रावणात एका रात्री मुंगूस खुराड्याच्या खालून माती उकरून आत शिरले. सकाळी तीन कोंबड्या गेलेल्या होत्या. कन्या रडली नाही. तिने कुदळ मागितली. त्या दिवशी मी आणि ती, दोघांनी खुराड्याभोवती हातभर खोल चर खणून जाळी पुरली आणि वर चिरे लावले. काम करताना ती प्रथमच भरभरून बोलली, आणि बोलली ती पुण्याबद्दल. तिकडे काय काय आवडत होते ते तिने सगळे सांगितले. मी चर खणत ऐकत राहिलो.

यंदाचा ऑगस्ट कठीण गेला. तीन दिवस वीज नव्हती, मोबाइल निपचित पडलेले, आणि रात्री कन्येला एकशे तीन ताप. तालुक्याचे रुग्णालय चौदा किलोमीटर दूर. शेजारच्या आजोबांच्या मुलाने रिक्षा काढली. मोरीवरून पाणी वाहत होते. तो उतरून काठीने खोली पाहत पुढे चालला, मग परत येऊन गाडी घातली. तापाचे काही विशेष निघाले नाही. भाडे त्याने घेतले नाही. दुसऱ्या दिवशी दोन पडवळे मागून नेली. पण त्या रात्री परत येताना सौभाग्यवती एकच वाक्य बोलली: “पुण्यात कोपऱ्यावर दवाखाना होता हो.” तिने पुण्यातली हिशेबनिसाची नोकरी सोडली आहे. हे वाक्य बोलण्याचा अधिकार तिचा माझ्याहून मोठा आहे.

आता दोन पावसाळे संपले आणि पुण्याच्या भाडेकरूने जागा विकत मागितली आहे. भाव बरा देतो. त्याला दिवाळीपर्यंत उत्तर हवे. विकली तर इकडचे कर्ज फिटते आणि मुलीच्या शिक्षणाची सोय होते. पण एकदा सुटलेली पुण्यातली जागा माझ्या पगारात पुन्हा मिळायची नाही. गेला पंधरवडा रोज रात्री कागदावर आकडे मांडले जातात. आकडे दर वेळी ‘विका’ म्हणतात. सौभाग्यवती कागद घडी करून डब्याखाली ठेवते.

परवा तिने निर्णय दिला: करार आणखी अकरा महिन्यांचा, विक्री नाही. “आणखी एक पावसाळा,” ती म्हणाली, आणि लगेच वालाचे बी भिजत घालायला उठली. शेतांतले भात निघाल्यावर अंगच्या ओलीवर जसा वाल करतात तसा परसात करून पाहायचा तिचा बेत आहे. कन्येला विचारले, तर तिने आपले विरोधी मत कायम ठेवले. सुट्टीत पुण्याला मैत्रिणीकडे आठ दिवस जायचे तिचे ठरलेलेच होते. एस. टी.चे तिकीट काढायला निघालो तेव्हा तिने तारीख बदलून मागितली. खैरी कोंबडी नऊ अंड्यांवर बसली आहे आणि तिचा एकविसावा दिवस पाडव्याला येतो.

“त्यानंतरचं काढा,” ती म्हणाली. “आणि बाबा, परतीचंसुद्धा काढा.”