वर्णाचा रकाना

ग्रंथालयातल्या दुर्मीळ पुस्तकांच्या खोलीत पेन चालत नाही. दारातच ते ठेवून घेतात आणि हातात शिसपेन्सिल देतात. २००५ सालच्या हिवाळ्यात, अमेरिकेतल्या माझ्या विद्यापीठात, त्या खोलीत बसून मी योहान ब्लूमेनबाख यांचं १७९५ सालचं लॅटिन पुस्तक मागवलं. लॅटिन मला कामापुरतंही येत नव्हतं. मला त्यातलं एक चित्र तेवढं पाहायचं होतं.

पाच कवट्या एका रांगेत मांडलेल्या. एका टोकाला सायबेरियातल्या तुंगुस माणसाची, दुसऱ्या टोकाला एका आफ्रिकी स्त्रीची. बरोबर मध्ये जॉर्जियातल्या एका स्त्रीची. ब्लूमेनबाख यांना ही मधली कवटी सर्वांत सुडौल वाटली, कॉकेशस पर्वताच्या परिसरातली माणसं सर्वांत देखणी वाटली आणि म्हणून त्यांनी गोऱ्या लोकांना ‘कॉकेशियन’ हे नाव दिलं. अमेरिकेत दवाखान्यातल्या कागदांवर, पोलिसांच्या वर्णनांत हा शब्द मी कितीदा वाचला होता. तो मोजमापातून आला असेल अशी माझी समजूत होती. तो आला होता आवडीतून. एका माणसाला एक कवटी सुंदर वाटली, हे त्याचं मूळ.

आणि हा माणूस दुष्ट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. सगळी माणसं एकाच जातकुळीची आहेत असं ब्लूमेनबाख ठामपणे मांडत. काळ्या लेखकांची पुस्तकं त्यांनी हौसेनं जमवली होती. गुलामगिरीचे ते विरोधक. तरीही रांग मांडताना मध्ये कोण आणि टोकाला कोण, हे त्यांच्या डोळ्यांनी ठरवलं. ती मधली स्त्री कोण होती हे मला पुढे कळलं. युद्धात पकडून मॉस्कोला आणलेली एक कैदी. तिथेच ती मेली, आणि तिची कवटी हातोहात ग्योटिंगेनला, ब्लूमेनबाख यांच्याकडे पोचली. तिचं नाव कुठेच नाही. त्या खोलीत मी तासभर तरी त्या एका पानासमोर बसून होते. माझ्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्या तासात ठरली.

मी आले होते सौंदर्यशास्त्र शिकायला. पुण्यात तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. केलं तेव्हा मर्ढेकरांची लयतत्त्वं पाठ होती, रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ वाचताना कांट पहिल्यांदा खऱ्या अर्थानं समजला होता. सुंदर वस्तू पाहून होणाऱ्या आनंदात स्वार्थ नसतो, आणि म्हणूनच तो निवाडा आपण सगळ्यांच्या वतीनं करतो, या विचारानं मी भारून गेले होते. हा विचार मांडणाऱ्या १७९०च्या ग्रंथाच्या २६ वर्षं आधी, १७६४ साली, याच कांटनं सुंदर आणि उदात्त यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. त्यात एका काळ्या सुताराचं शहाणपणाचं बोलणं सांगून झाल्यावर कांट म्हणतो की, हा माणूस नखशिखांत काळा होता, तेव्हा तो बोलला ते मूर्खपणाचंच असणार. हे पान मला पुण्यात कुणी दाखवलं नव्हतं. अमेरिकेतही पहिली दोन वर्षं कुणी दाखवलं नाही. ह्यूमचंही तसंच. अभिरुचीच्या निकषावरचा त्याचा १७५७चा निबंध जगभर शिकवतात. त्याच्या चारच वर्षं आधी त्यानं आपल्या दुसऱ्या एका निबंधाला तळटीप जोडली होती, आणि जमैकातल्या फ्रान्सिस विल्यम्स या काळ्या कवीला चार शब्द स्पष्ट बोलणाऱ्या पोपटाच्या पंगतीला बसवलं होतं. चांगली कविता कोणती हे कसं ठरवावं, हा प्रश्न ज्यानं इतका खोल जाऊन सोडवला, त्यानं एका कवीच्या कवितेतली एकही ओळ न सांगता निकाल दिला.

सौंदर्यविचारातला वंश हा प्रबंधाचा विषय मी सांगितला तेव्हा विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, ‘‘हे समाजशास्त्र झालं. यात तत्त्वज्ञान कुठे आहे?’’ पुढची दहा वर्षं हा प्रश्न माझ्या मागे होता. मुलाखतींत आला, नियतकालिकांतून साभार परत आलेल्या लेखांबरोबर आला. एकेका वर्षाच्या नेमणुकीवर तीन वर्षांत तीन राज्यं झाली. दर उन्हाळ्यात पुस्तकांची खोकी बांधायची, दर ऑगस्टमध्ये ती उघडायची. शेवटी एका छोट्या कॉलेजात कायम होण्याच्या वाटेवरची जागा मिळाली आणि २०१५ साली टेन्यूर. त्या प्रश्नाचं माझं उत्तर तेव्हाही एकच होतं, आजही तेच आहे. वंश तत्त्वज्ञानात मी आणला नाही. तो तळटिपांत बसलेला होता, मी तळटिपा वाचल्या.

या वाटेवर मी एकटी नव्हते, हे भाग्य. अ‍ॅलन लॉक यांनी १९१८ साली हार्वर्डमधून तत्त्वज्ञानाची पीएच.डी. घेतली आणि हार्लेममधल्या काळ्या कलावंतांच्या चळवळीला तात्त्विक पाया दिला. काळे विचारवंत डू बॉइस यांनी १९२६ साली ठणकावून सांगितलं की, सगळी कला प्रचारच असते आणि असायलाच हवी. दोन वर्षांनी लॉक यांनी त्याच्या उलट बाजू मांडली. हा वाद पहिल्यांदा वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या फडके-खांडेकरांच्या वादावर शाळेत निबंध लिहिला होता. फरक एवढाच की हार्लेममध्ये प्रश्न होता, ज्या लोकांना सुंदर म्हणायला कुणी तयार नाही त्यांनी सौंदर्याचं करायचं काय. आपल्याकडच्या त्या वादात हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नव्हतं. ‘आपल्याकडच्या’ म्हणताना मी कुणाकुणाला वगळत होते, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

वर्गात मी सुरुवात नेहमी एड्रियन पायपर यांच्यापासून करते. कांटच्या जाणकार अभ्यासक, तत्त्वज्ञानाच्या एकेकाळच्या प्राध्यापक आणि दृश्यकलावंत. त्यांचा वर्ण इतका उजळ की लोक त्यांना गोरं समजत आणि त्यांच्यादेखत काळ्या लोकांबद्दल नको ते बोलत. १९८६ साली त्यांनी व्हिजिटिंग कार्डाएवढी कार्डं छापून घेतली. असं कुणी बोललं की त्या शांतपणे एक कार्ड त्याच्या हातात ठेवत. मी काळी आहे, हे तुमच्या लक्षात आलं नसणार, अशा आशयाचा सभ्य मजकूर त्यावर होता. ही कलाकृती आहे का, असं मी मुलांना विचारते. मग तास आपोआप चालतो.

२०२२ सालच्या वसंतातल्या सत्रात या वर्गात नागपूरकडचा एक मुलगा होता. संगणकशास्त्राचा, एक विषय बाहेरचा हवा म्हणून आलेला. पहिल्या दिवशी तास संपल्यावर भेटायला आला, माझ्या टेबलावरच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘मॅडम, थोडं पानी घेऊ का?’’ त्याला मराठी बोलायला मिळाल्याचा आनंद झाला होता, मलाही. पण त्याच क्षणी माझ्या कानानं ‘पानी’ टिपलं होतं. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

सत्र संपत आलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही आपल्याकडचं काहीच का नाही लावलं?’’

मी म्हटलं, ‘‘लावलंय की. फेअरनेस क्रीमच्या जाहिरातींवर एक अख्खा आठवडा आहे.’’

‘‘ते रंगाचं झालं. मी जातीचं म्हणतो.’’ थोडं थांबून म्हणाला, ‘‘लिंबाळे सरांचं पुस्तक आहे ना, दलित साहित्याचं सौंदर्यशास्त्र. बाबांच्या कपाटात आहे आमच्या घरी. नावातच सौंदर्यशास्त्र आहे. म्हणून वाटलं, इथं असेल.’’

मी ते वाचलं नव्हतं. १९९६ साली ते पुस्तक आलं तेव्हा मी पुण्यात सौंदर्यशास्त्रच शिकत होते, आणि मी ते वाचलं नव्हतं. मराठीच्या लोकांचं पुस्तक, असं समजून बाजूला ठेवलं होतं. तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांचं ‘द रेशियल कॉन्ट्रॅक्ट’ मी दहा वर्षं शिकवत आले होते. वर्चस्व टिकायला एक विशिष्ट अज्ञान लागतं, ते अज्ञान योगायोगानं येत नाही, ते जपलं जातं, हा त्यातला विचार फळ्यावर आकृत्या काढून मी समजावला होता. त्या मुलानं मिल्स यांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

त्या उन्हाळ्यात सोलापूरला गेले. बाबांच्या लोखंडी कपाटात, वीजबिलांच्या फाइलखाली, माझ्या लग्नासाठी २००२ साली त्यांनी लिहिलेलं परिचयपत्र सापडलं. ते लिहिताना मी समोर बसले होते. ‘वर्ण’ या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं होतं. मी काळीसावळी, आईसारखी. बाबांनी माझ्याकडे न बघता ‘गव्हाळ’ लिहिलं. ते थांबणं मी २० वर्षं बरोबर वागवलं. माझ्या प्रबंधाच्या प्रास्ताविकात ते आहे, टेन्यूरच्या वेळी लिहिलेल्या निवेदनात ते आहे. मी या विषयाकडे का वळले, असं कुणीही विचारलं की मी तेच सांगत असे.

आता कागद हातात होता. ‘गव्हाळ’च्या ‘ग’पाशी निळी शाई किंचित फुटलेली, पेन टेकून राहिलं होतं तिथे. आणि त्याच्या वरच्याच तीन ओळी: जात, पोटजात, गोत्र. एका दमात लिहिलेल्या, वळणदार, कुठे अडखळ नाही. तिथे त्यांचं पेन थांबलं नाही आणि माझी नजरही कधी थांबली नाही. मराठीत आपण रंगाला वर्ण म्हणतो आणि चातुर्वर्ण्यातही वर्णच म्हणतो. एकाच शब्दाच्या एका अर्थानं मला दुखावलं, त्यावर मी आयुष्यभराचं काम उभं केलं. दुसऱ्या अर्थानं मला जे दिलं, ते मला रकान्यातही दिसलं नाही. अमेरिकेत रंगाबद्दल बोलताना मी सोसणाऱ्यांच्या बाजूला असते. जातीबद्दल बोलायचं तर बाजू बदलते. म्हणून मी बोलत नव्हते. याहून चांगलं कारण माझ्यापाशी नाही.

लिंबाळे यांचं पुस्तक मी त्याच घरात वाचलं. आनंद हा साहित्याचा निकष मानला तर वेदनेच्या साहित्याचं काय, हा त्यांचा प्रश्न आहे. सत्य, शिव आणि सुंदर ही त्रयी ते नाकारतात आणि निकष मागतात समतेचा, स्वातंत्र्याचा, माणूसपणाचा. डू बॉइस यांच्या १९२६च्या मांडणीशेजारी हे ठेवावं, असं मला अमेरिकेतल्या कुणी कधी सांगितलं नाही, कारण सांगायला हवं होतं ते मीच. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतले काळे यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं, त्याचं उत्तरही आलं. आणि मी मात्र डू बॉइस शिकवत होते, बाबासाहेबांचं नाव न घेता.

मग बाबुराव बागूल वाचले. १९६३चा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह. शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून खोली घेतो आणि पुढे ती उघड होते तेव्हा मार खातो. पायपर यांच्या कार्डाशेजारी ही कथा ठेवली आणि माझ्या अनेक वर्षांच्या मांडणीला एक चीर गेली. वंश डोळ्यांना दिसतो, डोळाच तो घडवतो, असं मी म्हणत आले होते. पायपर यांचा वंश दिसत नव्हता. बागुलांच्या नायकाची जातही दिसत नाही. मग ती ओळखतं कोण? आडनाव ओळखतं. आणि कान ओळखतो, ‘ण’ आणि ‘न’ यांमधल्या फटीत. शुद्ध-अशुद्ध म्हणून जे आपण लहानपणी शिकतो ती अभिरुचीची शाळा आहे, आणि त्या शाळेत मी पहिल्या नंबरानं पास झाले होते. कुणालाही न दुखावता, चेहऱ्यावर हसू ठेवून, माझ्या कानानं एका मुलाला रांगेत त्याची जागा नेमून दिली होती. ब्लूमेनबाख यांनी तरी कवट्या हाती घेतल्या होत्या.

त्या मुलाला मी हे सगळं पत्रानं कळवलं, ‘पानी’सकट. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. पुस्तक वाचलंत, बाबांना सांगतो, त्यांना बरं वाटेल.

आता माझ्या अभ्यासक्रमात डू बॉइस आणि लिंबाळे एकाच आठवड्यात असतात. लिंबाळे यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २००४ पासून उपलब्ध आहे. पायपर आणि बागूल त्याच्या पुढच्या आठवड्यात. फेअरनेस क्रीमचा आठवडा मी काढलेला नाही, पण तो आता शेवटी येतो.

महाराष्ट्रात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढंच मागणं आहे. कांटचा १७९०चा ग्रंथ शिकवाल तेव्हा १७६४चं ते पानही वर्गात मोठ्यानं वाचा. आणि लिंबाळे यांचं पुस्तक, शरद पाटील यांचं ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ ही दलित साहित्याच्या वेगळ्या पेपरापुरती ठेवू नका. सौंदर्यशास्त्राच्या पेपरात, मर्ढेकर आणि पाटणकरांच्या शेजारी, ती लावा.