डिचोलीचे कोळसुंदे

गेल्या माघात डिचोलीस जाण्याचा योग आला. यजमानांच्या ओसरीवर चहा घेताना मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पाहिलेल्या लांडग्यांची हकिगत काढली. यजमानांच्या वृद्ध मातोश्री हसून म्हणाल्या, "लांडगा घाटावरचा हो. आमच्याकडे कोळसुंदा."

त्यांचे खरेच होते. लांडग्यास उघडा माळ, खुरटे गवत आणि धनगरांचे कळप लागतात. सह्याद्रीच्या या उतारावरील धो धो पावसाचे दाट रान त्याचे नव्हे. येथे कळपाने शिकार करण्याचे काम त्याचा दूरचा भाऊबंद, म्हणजे रानकुत्रा ऊर्फ कोळसुंदा करतो.

दुसऱ्या दिवशी साखळी, केरी करीत चोर्ला घाटाकडे निघालो. डिचोलीची खनिजाची लाल धूळ मागे पडली आणि अंजुणे धरणापासून रान दाटत गेले. १९९९ साली घोषित झालेले म्हादई अभयारण्य ते हेच. क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर.

कोळसुंदा अंगाने तांबूस, शेपटी काळी नि झुपकेदार. कुत्र्यासारखा भुंकत नाही. पांगलेल्या सोबत्यांना शीळ घालून बोलावतो. शिकार झाली की पिल्लांना आधी खाऊ देतात, मोठे मागून. (आपल्या पंगतीतही मुलांना आधी बसवण्याची रीत आहेच.) परंतु सावज जिवंत असतानाच तो लचके तोडतो, म्हणून इंग्रज शिकाऱ्यांनी त्यास क्रूर ठरवले. त्याला मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे! १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा कोठे हे थांबले. आज साऱ्या जगात प्रौढ कोळसुंदे अडीच हजारांहूनही कमी उरले असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. भारतातील लांडगेही तीन हजारांच्या आसपासच आहेत.

आता बंदुकीपेक्षा विषाचे भय मोठे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण व तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले. गुरे मारली गेल्याचा तो सूड होता. मेलेल्या गुरावर घातलेले विष वाघ कोणता नि कोळसुंदा कोणता हे पाहत नाही. मात्र गोठ्यातली दुभती गाय गेलेल्या माणसास नुसता उपदेश करणे मला तरी जमले नाही. यजमानांच्या एका आप्ताने पंचनाम्यासाठी तीन हेलपाटे घातले होते. त्यांच्या बोलण्यात रानाविषयी राग नव्हता, कागदाविषयी होता. भरपाई वेळेवर हाती पडली, तर विषाची बाटली फडताळातच राहील असे ते म्हणाले. दुसरा धोका गावकुत्र्यांकडून येणाऱ्या रोगांचा. एका गावकुत्र्यास लस टोचण्याचा खर्च तो काय?

म्हादईसह येथील अभयारण्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित करावीत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघाच्या नावाने रान राखले गेले, तर कोळसुंदाही त्याच छत्राखाली येईल.

प्रत्यक्ष कोळसुंदा काही दिसला नाही. दोन पायवाटा मिळतात तेथे वाटाड्याने विष्ठेचे ढीग दाखविले. सारा कळप अशा तिठ्यावर एकाच जागी येतो म्हणे. काडीने उकरून पाहिले, तर आत सांबराचे राठ केस होते. घरी परतल्यावर मातोश्रींनी प्रथम तेच विचारले, "ताजी होती का?" होती, म्हटल्यावर त्यांनी समाधानाने मान हलविली आणि पानाचा डबा पुढे ओढला.