कोल्हापुरीचं माहेर

निमोणे, रात्री.

इटलीच्या प्रादाने जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली, कोल्हापूरचं नाव न घेता. बोंबाबोंब झाली. डिसेंबरात प्रादाचा महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार: २००० जोड इथल्याच कारागिरांकडून, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. त्यांच्या हिशेबी काम बाहेर दिलं, आपल्या हिशेबी ते घरी आलं. कोल्हापुरीच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात दोन्ही राज्यांचे मिळून आठ जिल्हे आहेत; आमचं पुणे त्यात नाही. तरी आमच्याकडे नवरदेवाला कोल्हापुरीच लागते, आणि हजार रुपये सांगितले की मामा घासाघीस करतात! बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, हाताची शिलाई... त्या ८०० युरोंतले शिवणाऱ्याच्या हातात किती पडतात, तेवढं मला कळायला हवंय.