सगळे रिपोर्ट नॉर्मल



आजचा लेख बॉर्डरवरचा नाही, क्वार्टरमधला आहे, आणि घरच्यांच्या परवानगीने लिहितोय. आमची सौ. म्हणाली, "माझं नाव टाकू नका, पण दुखणं काय असतं ते नीट लिहा. गावाकडचे वाचतील तरी."

दुखण्याचं नाव फायब्रोमायल्जिया. आमच्या लाइनीतल्या एका सरदारजींनी दोनदा विचारलं, "भाभीजी का मलेरिया ठीक हुआ?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मलेरिया म्हटलं की लोक काळजी तरी करतात.

दिल्ली कँटला क्वार्टर मिळालं तोवर हे दुखणं दोन पोस्टिंगचं जुनं झालं होतं. आधी मान, मग खांदे, मग कंबर, मांड्या, जबडासुद्धा. आज इथे, उद्या तिथे. आठ तास झोपूनही सकाळी उठायची ती रात्रभर गार्ड ड्यूटी केल्यासारखी. बोलता बोलता साधा शब्द अडायचा. सांडशी हातात धरून "अहो ते हे द्या" म्हणायची. त्याला ती "डोक्यातलं धुकं" म्हणते. दिल्लीच्या जानेवारीत बाहेरही तेच असायचं, त्यामुळे निदान शब्द तरी लगेच सापडला.

तपासण्या सगळ्या झाल्या. ईएसआर, थायरॉईड, व्हिटॅमिन डी, संधिवाताच्या टेस्ट, एक्स-रे, एमआरआय. सगळं नॉर्मल. एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं, "मॅडम, कुछ नहीं है, टेन्शन कम लो." पार्किंगमध्ये आल्यावर ती म्हणाली, "रिपोर्ट चांगला आला म्हणून रडू आलेली मी पहिलीच असेन." पहिली नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं. या दुखण्याचे बहुतेक पेशंट याच पार्किंगमधून गेलेले असतात.

शेवटी एका रुमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे सांधे-स्नायूंच्या डॉक्टरने, मशिनपेक्षा तिच्याशी जास्त बोलून निदान केलं. झोप कशी, थकवा किती, कुठे कुठे दुखतं, किती महिने. पूर्वी, १९९० च्या निकषांप्रमाणे, शरीरावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघत आणि त्यातल्या ११ दुखल्या तर हे नाव देत. २०१० पासून निकष बदलले. आता शरीराचे १९ भाग विचारतात आणि थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, विसराळूपणा यांनाही गुण देतात. त्रास किमान तीन महिने असावा लागतो. रक्ताच्या टेस्ट करतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला. या रोगाची स्वतःची अशी टेस्टच नाही.

मी सिग्नल्सचा माणूस, म्हणून मला डॉक्टरांचं म्हणणं माझ्या पद्धतीने समजलं. स्नायू खराब नाहीत, सांधे झिजलेले नाहीत. बिघाड आहे तो मेंदू आणि मज्जासंस्था वेदनेचा संदेश घेतात त्या ठिकाणी. रेडिओ सेटचा व्हॉल्यूम शेवटच्या टोकाला अडकला की साधी खरखरही कान फोडते, तसं. अँटेना, बॅटरी, केबल काहीही तपासा, सगळं ठीकच निघणार. पण हेडफोन ज्याच्या कानात आहे त्याला विचारा.

या दुखण्यावर संशय घेणं नवं नाही. १९०४ मध्ये विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरने त्याला फायब्रोसायटिस म्हटलं, कारण तंतूंना सूज येत असावी असं त्याला वाटलं. पुढे सूज काही सापडली नाही. १९७६ मध्ये आजचं नाव आलं, ज्याचा अर्थ फक्त तंतूंचं आणि स्नायूंचं दुखणं. म्हणजे सूज नाही हे कबूल करून नाव बदललं, तरी आपल्या लोकांना अजून सूजच दाखवायची असते.

फौजेत तर हे फारच अवघड. आपल्याकडे सिक रिपोर्ट केला की एमआय रूममधून एक तर अटेंड सी मिळते नाही तर औषध आणि ड्यूटी. मेडिकल कॅटेगरी शेप या पाच अक्षरांत मांडलेली: मन, कान, हातपाय, शरीर, डोळे. प्लास्टर दिसतं, चष्मा दिसतो. ज्याचं काहीच दिसत नाही त्याला पलटणीत काय म्हणतात ते मी इथे लिहायची गरज नाही. हे दुखणं बायकांत जास्त दिसतं, पण पुरुषांनाही होतं, आणि वर्दीतला माणूस ते सांगत नाही. अमेरिकेत १९९१ च्या आखाती युद्धाहून परतलेल्या सैनिकांत हे दुखणं असेल, तर तिथलं सरकार ते सेवेशी जोडलेलं धरतं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात याचं नाव नाही.

गावाकडची मंडळी म्हणतात, हे शहरातल्या, रिकामं बसणाऱ्या बायकांचं. त्यांच्यासाठी सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. दुखणारी माणसं भरपूर निघाली, आणि ठरलेल्या संधिवाताच्या नावात न बसणारी दुखणीही त्यात पुष्कळ होती. ऊस आणि शेरडं सांभाळणाऱ्या त्या बायकांना रिकामं कोण म्हणेल?

मेट्रोचा प्रकार वेगळाच. शंकर विहारहून हौज खासला आणि तिथे गाडी बदलून पुढे, एवढाच आमचा नेहमीचा प्रवास. लेडीज डब्यात ती राखीव सीटवर बसली की समोरची आजी वरपासून खालपर्यंत बघते. चाळिशीची, धडधाकट, नीट साडी नेसलेली बाई उठत का नाही? ती बहुतेक वेळा उठते. मग घरी येऊन संध्याकाळभर पडून राहते. वेल्फेअर मीटला दोनदा गैरहजर राहिली तेव्हाही लाइनीत चर्चा झाली. तिसऱ्यांदा ती गेली, हसली, खेळातही भाग घेतला आणि पुढचे तीन दिवस तिला वेणी घालता आली नाही. तेव्हा चर्चा कुणीच केली नाही, कारण ते तीन दिवस कुणी बघितलेच नाहीत.

उपचाराबद्दल लोक विचारतात. समूळ बरं करणारं औषध नाही. प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन, अॅमिट्रिप्टिलिन अशी औषधं काहींना उपयोगी पडतात, डॉक्टरच्या देखरेखीखाली. नेहमीच्या पेनकिलरचा फारसा फायदा होत नाही आणि स्टिरॉइड याचं औषध नाही. हाडवैद्य, मसाजवाला, व्हॉट्सअॅपवरचा काढा, सगळं आमच्याही दारात येऊन गेलं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशींत सगळ्यात ठाम शिफारस आहे ती व्यायामाची, पण हळूहळू वाढवायच्या व्यायामाची. दुखणाऱ्या माणसाला "चाला" म्हणणं क्रूर वाटतं, आणि एकदम पाच किलोमीटर चालायला लावलं तर ते क्रूरच आहे.

इथे रूट मार्च कामाला आला. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं हॉल्ट, हे आपल्या अंगात भिनलेलं. आम्ही ते उलटं केलं. दहा मिनिटं काम, मग बसणं, दुखायला लागायच्या आधीच. बरं वाटतंय त्या दिवशीही तेवढंच. हे दुसरं तिला सगळ्यात जड गेलं. बरं वाटलं की डबे घासायचे, गोधड्या धुवायच्या, माळा आवरायचा, आणि मग चार दिवस अंथरूण. आता ओट्याजवळ एक स्टूल आहे. चपात्या बसून लाटते. सुरुवातीला सदर बाजारच्या कोपऱ्यापर्यंत चालायची, आता पार्कला दोन फेऱ्या मारते. थंडीत एकच.

१२ मेला एमएचमध्ये नर्सिंग ऑफिसर दिवे लावून फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा वाढदिवस साजरा करतात. तोच दिवस जगात फायब्रोमायल्जियाचा जागृती दिवस म्हणूनही पाळतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. दिवस मुद्दाम तिचा निवडला. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची सेवा करून ती १८५६ मध्ये परतली आणि पुढची कित्येक वर्षं बिछान्याला खिळून होती. नेमका कोणता आजार होता यावर अजून एकमत नाही. त्याच बिछान्यातून तिने हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावर लिहिलं; शाही आयोगाचा तो अहवाल १८६३ मध्ये आला. बराकींतलं पाणी, नाल्या, गर्दी, सगळ्याचा हिशेब त्यात आहे. लंडनमधल्या त्या बाईला बिछान्यातून उठ म्हणून कुणी सांगितलं असेल का, असं आमच्या सौ.ने विचारलं. मी म्हटलं, सांगितलंच असणार.

माझी पुढची पोस्टिंग फील्डला आहे, तिथे फॅमिली नेता येत नाही. सेपरेटेड फॅमिलीचं क्वार्टर मिळावं म्हणून अर्ज केलाय, म्हणजे डॉक्टर तेच राहतील. गावी गेली तर सासर-माहेर दोन्हीकडे जीव लावणारी माणसं आहेत, पण सकाळी सहाला न उठणाऱ्या सुनेचं काय करायचं हे त्यांना कळत नाही. हा लेख छापून गावी पाठवायचं तिने ठरवलंय. सासूबाईंना चष्मा लागतो, तेव्हा अक्षर मोठं काढा म्हणाली.