पुढचा खांदा, मागचा खांदा

गेल्या महिन्यातील गोष्ट. आमचा चौदा वर्षांचा नातू सायंकाळी मैदानावरून परतला तो तोंड फुगवूनच. बूट पडवीत भिरकावून त्याने आजीजवळ तक्रार केली, "म्हाका फाटल्यान उबो केला!" शिक्षकांनी त्याला चढाईच्या फळीतून काढून बॅक म्हणून खेळविले होते. त्याचा स्वर असा होता, की जणू भरल्या पंक्तीतून त्याला कोणी उठविले असावे. आम्हांस हसू आले. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर ते हसू टिकले नाही. त्या वयात आमचेही मत तेच होते, आणि त्या मताची किंमत दुसऱ्याच एकास मोजावी लागली होती.

सामना जिंकण्यास चढाई अधिक मोलाची की बचाव, हा वाद आमच्या देवळाच्या सभामंडपात आरती आटोपल्यावर कितीदा तरी रंगला आहे. बहुमत नेहमी चढाईकडे. त्यांचा मुद्दा खोडून काढण्याजोगा नाही. बचाव कितीही अभेद्य असला, तरी त्यातून पदरी पडते ती फार तर बरोबरी. आपल्या गोव्यानेच हे अनुभवले आहे. 1983 साली संतोष ट्रॉफीच्या अंतिम फेरीत बंगालशी बरोबरी झाली आणि अजिंक्यपद विभागून घ्यावे लागले. पुढच्या वर्षी पंजाबवर एका गोलाने मात केली, तेव्हा कुठे ती ट्रॉफी निर्भेळपणे आपली झाली.

तथापि त्याच विजयाकडे दुसऱ्या अंगानेही पाहावे. एक गोल पुरला, कारण समोरून एकही झाला नाही. आपल्या गोलात ब्रह्मानंद शंखवाळकर उभे होते. क्रिकेटमध्ये धावा शेकड्यांनी होतात, चार गेल्या तर पुढे भरून निघतात. फुटबॉलचे तसे नाही. नव्वद मिनिटे धावपळ करून हाती दोन-तीन गोल लागतात, म्हणून गमावलेला एकही गोल जड जातो. 2010 च्या विश्वचषकात स्पेनने सात सामन्यांत अवघे आठ गोल केले आणि दोनच स्वीकारले. बाद फेरीचे चारही सामने त्याने एक विरुद्ध शून्य असे जिंकले. इतक्या थोड्या गोलांवर जगज्जेतेपद मिळते, ते बचावाच्या बळावरच.

मग बचावच श्रेष्ठ म्हणावा काय? येथे आम्हांला 1962 ची जाकार्ता येथील आशियाई स्पर्धा आठवते. भारतीय संघाचे मार्गदर्शक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरविले होते. पुढे बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला बचावात ठेवले नाही. त्याला चढाईच्या फळीत पाठविले. त्या बॅकने उपांत्य सामन्यात गोल केला आणि अंतिम सामन्यातही केला. त्याच दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असे नमवून भारताने सुवर्णपदक मिळविले. चढाई आणि बचाव या खेळाडूंच्या दोन जाती नव्हेत, ती दोन कामे आहेत, आणि प्रसंगी कोणालाही कोणतेही काम करावे लागते, हे त्या माणसाने ओळखले होते.

हे आम्हांस उशिरा उमगले. आमच्या तरुणपणी, म्हणजे पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी, भाताची कापणी झाली की देवळासमोरचे शेत हेच आमचे मैदान असे. पोफळीचे दांडे रोवून गोल उभे राहत. आम्ही सेंटर फॉरवर्ड होतो आणि आमचा एक बालमित्र गोलकीपर होता. जत्रेच्या निमित्ताने शेजारच्या गावाशी सामना ठरला. एक-एक अशी बरोबरी होती. आपला गोल आम्हीच केला होता, आणि ते आमच्या डोक्यात गेले होते. अखेरच्या मिनिटांत प्रतिपक्षाच्या एका खेळाडूने आमच्या पायांतून चेंडू हिरावून घेतला. तो आमच्यापासून दोन हातांवर होता. आम्ही त्याच्यामागे धावलो नाही. कमरेवर हात ठेवून पाहत राहिलो. मागे बॅक आहेत, त्यांचे काम ते पाहतील! चेंडू तिघांकडून फिरत गेला आणि आमच्या मित्राच्या हातांखालून निसटून गोलात शिरला.

त्या रात्री दशावतारी नाटकाला जमलेल्या मंडळींत एकच चर्चा होती: याने हातांना लोणी लावले होते काय? आम्ही तेथेच बसलो होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरे होता, बोललो नाही. मित्र पुन्हा कधी गोलात उभा राहिला नाही.

पुढे 1950 च्या विश्वचषकाची हकीकत वाचनात आली, तेव्हा आमच्या मनाला चटका बसला. रिओच्या मैदानावर ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. त्याने पहिला गोलही केला. पण उरुग्वेने दोन गोल करून चषक नेला. ब्राझीलच्या बचावाची डावी बाजू दोन्ही वेळा फुटली होती, आणि तिच्या मदतीला वेळेवर कोणी आले नव्हते. पण दोष चिकटला तो बार्बोझा या गोलकीपरला, आणि 2000 साली त्याने डोळे मिटले तोपर्यंत तो सुटला नाही. गोल स्वीकारणारा एकटा दिसतो. चेंडू गमावणारे कोणाच्या ध्यानात राहत नाहीत.

नातवाच्या तक्रारीनंतरच्या सोमवारी आम्ही देवळात गेलो. मित्र पायरीवर बसला होता. त्याच्याशेजारी बसून आम्ही सारे बोलून टाकले. तो शांतपणे म्हणाला, "अरे, तू कमरेवर हात ठेवून उभा होतास ते मी पाहिले होते. गोलकीपरला सगळे मैदान दिसते."

"मग त्या वेळी बोलला का नाहीस?"

"चेंडू माझ्याच हातांखालून गेला ना?" एवढेच म्हणून तो उठला. पालखी निघत होती. या वयातही तो मागच्या दांडीला खांदा देतो. पुढचे भोई सर्वांना दिसतात. उतारावर पालखी तोलून धरावी लागते ती मागच्यांना. पण पुढच्याने पाऊल चुकविले, तर मागच्याचा खांदा कितीही बळकट असून उपयोग नाही.

आमच्यापुरता वादाचा निकाल असा: बचाव अधिक मोलाचा, पण तो मागच्या चौघांचा नव्हे. चेंडू गमावला त्या क्षणी, गमावणाऱ्याच्या पायांपासून तो सुरू होतो. नातवाला हे सांगितले. त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही. मात्र येत्या रविवारी त्याचा सामना आहे, आणि आमच्या मित्राने तो पाहावयास येण्याचे कबूल केले आहे. आम्ही दोघे गोलाच्या मागेच बसणार आहोत.